सिॲटलचा नवा वॉटरफ्रंट पार्क: मासे बघून झाले की खाली उतरा!

खारवारा

सिॲटलच्या पूर्वेच्या उपनगरांत, म्हणजे ईस्टसाइडला राहणाऱ्या मराठी घरांचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. भारतातून आई-बाबा आले की स्पेस नीडल, स्नोक्वाल्मीचा धबधबा, एप्रिल असेल तर स्कॅजिटचे ट्युलिप, आणि मधल्या एखाद्या शनिवारी पाइक प्लेस मार्केट. तिथे फेकले जाणारे मासे बघायचे, ब्राँझच्या डुकरासोबत फोटो काढायचा, स्टारबक्सबाहेरची रांग बघून 'एवढ्यासाठी?' म्हणायचं आणि परत गाडीत. बाजाराच्या पाठीमागे शंभर फूट खाली समुद्र आहे, पण पाहुण्यांना घेऊन तिकडे सहसा कोणी उतरत नसे. उतरावं असं काही नव्हतंच. मधे व्हायाडक्ट होता.

जे नंतर आले त्यांच्यासाठी थोडं मागचं. अलास्कन वे व्हायाडक्ट म्हणजे १९५३ साली उघडलेला दुमजली काँक्रीटचा रस्ता, शहर आणि समोरची खाडी, एलियट बे, यांच्या बरोबर मधे ठोकलेला. वरच्या मजल्यावरून उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या, खालच्यावरून दक्षिणेकडे. शेवटच्या काळात रोज नव्वद हजारांच्या आसपास. खालून चालायचं तर अंधार, पार्किंग, कबुतरं आणि डोक्यावर अखंड धडधड. २००१ च्या फेब्रुवारीत ६.८ तीव्रतेचा निस्क्वाली भूकंप झाला आणि पुलाला चांगलाच दणका बसला. १९८९ च्या भूकंपात ओकलंडला असाच दुमजली रस्ता कोसळून माणसं दगावली होती, त्यामुळे 'चालतंय तोवर चालू दे' म्हणायची सोय नव्हती. तरी पुढे काय करायचं यावर शहर वर्षानुवर्षं भांडत बसलं. अखेर वाहतूक बोगद्यात घातली, फेब्रुवारी २०१९ मध्ये बोगदा सुरू झाला आणि त्याच वर्षी व्हायाडक्ट पाडला. मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर आता वीस एकरांचा पार्क आहे. न्यूयॉर्कच्या हाय लाइनवर काम केलेल्या जेम्स कॉर्नर फील्ड ऑपरेशन्सने आखलेला.

माझा आग्रह एवढाच, की सुरुवात वरून करा. मार्केटच्या मागच्या गच्चीवरून ओव्हरलुक वॉक सुरू होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडला. नुसता जिना नाहीये तो. मधे मधे पसरट टप्पे, बसायला जागा, उताराला इथलीच झाडं-झुडपं. एका टप्प्यावर आपण मत्स्यालयाच्या नव्या इमारतीच्या छपरावर उभे असतो आणि ते कोणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. समोर खाडी, पलीकडे ऑलिंपिक पर्वतरांग, डावीकडे बंदराच्या क्रेन, आणि हवा साफ असेल तर रेनिअर. त्या दिवशी इथले लोक 'माउंटन इज आउट' म्हणतात, जणू डोंगरच फिरायला बाहेर पडलाय. एरवी आठ-आठ दिवस त्याचा पत्ता नसतो.

खाली पोचलात की मत्स्यालयाच्या नव्या इमारतीच्या, म्हणजे ओशन पॅव्हिलियनच्या दाराशी थांबून मान वर करा. तिथे एक गोल काच बसवलीय, तीतून आतली प्रवाळाची मोठी टाकी दिसते. नशीब असेल तर एखादी पाकट डोक्यावरून सरकत जाते. तिकीट नाही. (आत जायचं तर आहे, आणि चौघांचं मिळून चांगलंच आहे.)

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. पाण्याच्या कडेने चालताना पायाखाली बघा. फुटपाथमध्ये जाड काचेचे ठोकळे ओळीने बसवलेत. खरखरीत आहेत, ओल्यात पाय घसरत नाही. आरपार काही दिसत नाही, आणि बहुतेक लोक त्यांच्यावरून ट्रॉल्या, सायकली नेतात. हे ठोकळे आपल्यासाठी नाहीतच. खाली, फुटपाथच्या सावलीत, पाणी आहे आणि त्या पाण्यातून वसंत-उन्हाळ्यात सॅमनची पिल्लं जातात. ती नदीतून समुद्रात उतरली की लगेच खोल पाण्यात शिरत नाहीत, काठाकाठाने उथळातून प्रवास करतात. धक्क्याखालची गडद सावली आली की अडतात, किंवा वळसा घालून खोल पाण्यात जातात, आणि तिथे त्यांना खाणारे टपलेले असतात. म्हणून नव्या सीवॉलच्या, म्हणजे समुद्र अडवणाऱ्या भिंतीच्या, वरचा फुटपाथ काचेचा केला, उजेड खाली झिरपावा म्हणून. पुढे तळाला दगड भरून पाणी मुद्दाम उथळ केलं, आणि भिंतीला खाचा नि कंगोरे ठेवले, शेवाळ-शिंपल्यांना धरायला. जुनी भिंत १९३४ पर्यंत बांधून झाली होती, लाकडी खांबांवर, आणि ते लाकूड ग्रिबल नावाचा एक इटुकला समुद्री किडा कित्येक वर्षं आतून पोखरत होता! २०१२ मध्ये मतदारांनी २९ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना होकार दिला, २०१७ मध्ये नवी भिंत झाली. आधी भिंत, मग पार्क. मला या सगळ्या प्रकल्पात सगळ्यात हुशार गोष्ट हीच वाटली, आणि ती कोणाच्या फोटोत येत नाही.

पिअर ५८ या धक्क्यावर मुलांची चंगळ आहे: जेलीफिशच्या आकाराचा चढायचा मनोरा, घसरगुंडी, आणि १९७४ चं कारंजं दुरुस्त करून परत बसवलंय. २०२५ च्या उन्हाळ्यात उघडला. याच जागी पूर्वी श्वाबाकर धक्का होता. १८९७ च्या जुलैत 'पोर्टलंड' नावाची बोट कॅनडातल्या क्लोंडाइकचं सोनं घेऊन तिथेच लागली आणि सिॲटलचं नशीब पालटलं. सोनं खणायला गेलेल्यांपेक्षा त्यांना फावडी, घोंगड्या आणि डबाबंद खाणं विकणाऱ्यांनी जास्त कमावलं म्हणतात. गोष्ट ओळखीची वाटते ना, सॉफ्टवेअरवाल्यांनो?

न आवडलेलंही लिहितो. दक्षिणेला, फेरीच्या धक्क्यापाशी, अलास्कन वे अजून राक्षसी रुंद आहे. फेरीच्या रांगा, बसच्या लेन, सगळं मिळून काही ठिकाणी आठेक लेन ओलांडाव्या लागतात. पूल पाडला आणि जमिनीवर हायवेसारखं काहीतरी ठेवलं, ही टीका इथले लोक करतात आणि ती खोटी नाही. सावली कमी आहे, झाडं अजून पोरसवदा आहेत. वाऱ्याचं तर विचारूच नका.

दगडफूल

मस्त लिहिलंय. पण फोटो कुठायत? फोटोशिवाय प्रवासवर्णन हा या संस्थळावर फाऊल धरतात.

एक कामाचा प्रश्न. पुढच्या महिन्यात सासरे येताहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. शंभर फूट उतार म्हटल्यावर पोटात गोळा आला. शिवाय बाबागाडी. जमेल का?

खारवारा

@दगडफूल: फोटो टाकतो हो, आधी आकार कमी करायला वेळ मिळू दे.

जमेल. ओव्हरलुक वॉकला लिफ्ट आहे, मार्केटच्या इमारतीतही आहे, आणि थोडं दक्षिणेला युनियन स्ट्रीटच्या पादचारी पुलालाही आहे. लिफ्टने खाली, सपाटीवर हवं तेवढं चाला, लिफ्टने वर. खालचा रस्ता अगदी समतल आहे, बाबागाडी आरामात जाते. फक्त सायकलींची दुहेरी लेन वेगळी आहे, तिच्यात बाबागाडी घेऊन शिरू नका. घंटी वाजवून शिव्या न देता शिव्या देतात. स्वच्छतागृह वर मार्केटमध्येच उरकून घ्या.

जुना_बॅलार्डकर

लेख छान, पण व्हायाडक्टवर जरा जास्तच राग काढलात असं वाटलं. मी या गावात आलो तेव्हा माझ्याकडे जुनी होंडा होती आणि भाड्याची खोली. दक्षिणेतलं काम संपवून घरी येताना वरच्या मजल्यावरून यायचो. डाव्या हाताला सबंध खाडी, सूर्य ऑलिंपिकच्या मागे जातोय, फेरी निघालीय, उजव्या हाताला शहराच्या काचा पेटलेल्या. ताशी पन्नास मैलांनी. फुकट! वेस्ट सिॲटलच्या बसमध्येही तोच देखावा, म्हणजे ऑफिसं झाडायला जाणाऱ्या बाईलाही आणि त्या ऑफिसच्या मालकालाही सारखाच. या शहरातला सगळ्यात भारी सी-व्ह्यू कोणाच्या मालकीचा नव्हता.

आता गाड्या बोगद्यात, भिंती बघत जातात आणि वर टोल भरतात. आणि तो व्ह्यू? व्हायाडक्टला लागून ज्यांच्या खिडक्या कायम बंद असायच्या त्या इमारतींना मिळाला. पार्क मलाही आवडतो, नातवंडांना घेऊन जातो. पण 'शहराला किनारा परत मिळाला' असं कोणी म्हणालं की विचारावंसं वाटतं, शहराला म्हणजे नक्की कोणाला?

प्रश्नोपनिषद

@जुना_बॅलार्डकर काका, देखाव्याबद्दल सहमत, हिशोबाबद्दल नाही. त्या खिडकीवाल्यांनी पैसे मोजलेत. शहराने आसपासच्या मालमत्ताधारकांवर खास आकारणी बसवली: तुमच्या जागेची किंमत या पार्कमुळे जेवढी वाढणार, त्यातला वाटा आधी द्या. त्यातून १६ कोटी डॉलर. सगळ्या कार्यक्रमाचा खर्च ८० कोटींच्या घरात, म्हणजे पाचवा हिस्सा थेट शेजाऱ्यांकडून. लोक कोर्टातही गेले. आपल्याकडे मेट्रो येणार म्हटल्यावर आजूबाजूच्या जमिनीचे भाव चढतात, तो फायदा कोणाच्या खिशात जातो ते सगळ्यांना माहीत आहे. इथे निदान पावती तरी फाडली.

आणि काका, तो देखावा ताशी पन्नास मैलांनी मिनिट-दोन मिनिटं दिसायचा. तोच आता बसून दुपारभर बघता येतो. गाडी नसलेल्यालाही.

जुना_बॅलार्डकर

पावती फाडली हे मान्य. पण कॉन्डोवाला आकारणी भरून किंमत वाढवून घेतो, भाडेकरू फक्त वाढलेलं भाडं भरतो. बाकी बसून बघण्याबद्दल: नोव्हेंबरात या आणि बसून दाखवा.

टेट्रापॉड

बोगद्याचा उल्लेख एका वाक्यात उरकलात म्हणून निषेध! खरा सिनेमा तिथेच आहे.

बोगदा खणणाऱ्या यंत्राचं नाव बर्था. १९२६ ते १९२८ या काळात सिॲटलच्या महापौर असलेल्या बर्था नाइट लँडिस यांच्यावरून. अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या शहराच्या त्या पहिल्या महिला महापौर. यंत्राचा व्यास साडेसतरा मीटर, त्या वेळी जगातलं सगळ्यात मोठं. जुलै २०१३ मध्ये खणायला सुरुवात, डिसेंबरात ठप्प. वाटेत जुन्या विहिरीचा पोलादी पाइप आला होता, पण यंत्र बिघडलं ते त्यामुळे की मुळात यंत्रातच खोट होती, यावर मग वकिलांची पोटं भरली. मागे घेता येत नाही, कारण मागे काँक्रीटचा बोगदा बसवत बसवतच ते पुढे जातं. शेवटी समोरून १२० फूट खोल खड्डा खणला, यंत्राचं दोन हजार टनांचं तोंड उचलून वर काढलं, दुरुस्त केलं, परत बसवलं. दोन वर्षं गेली. एप्रिल २०१७ मध्ये बाई एकदाच्या पलीकडे निघाल्या.

आपल्या मुंबईच्या कोस्टल रोडचं यंत्र 'मावळा', व्यास १२.१९ मीटर, भारतातलं तोवरचं सगळ्यात मोठं. मलबार हिलच्या पोटातून गिरगाव चौपाटी ते प्रियदर्शिनी पार्क, दोन बोगदे, प्रत्येकी दोन किलोमीटरच्या थोडे वर. पहिला जानेवारी २०२२ मध्ये आरपार, दुसरा मे २०२३ मध्ये. खडक बसाल्ट नि ब्रेचिया. सिॲटलला मात्र हिमनद्यांनी आणून टाकलेली माती, वाळू, गोटे, आणि त्यावर शंभर वर्षांचा शहराचा भराव. त्यातून जाणं जास्त बेभरवशाचं.

गंमत बघा. सिॲटलने किनाऱ्यावरचा रस्ता जमिनीखाली घातला आणि वर माणसं आणली. आपण मार्च २०२४ पासून किनाऱ्यावर नवा रस्ता सुरू केला.

वरळीची_पोर

टेट्रापॉडदादा, हे लिहिणारच होते मी, तुम्ही आधी लिहिलंत.

कोस्टल रोडच्या कडेचा प्रोमेनाड ऑगस्ट २०२५ मध्ये लोकांसाठी उघडला. जाऊन आले. वारा मस्त, सूर्यास्त मस्त, फरशी चांगली, लोक भरपूर. भुयारी मार्गाने खालून जायचं, वर आलं की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सुसाट गाड्या. चालणाऱ्याला समुद्र मिळाला, पण शहर आणि समुद्र यांच्यामधे रस्ता आलाच. सिॲटलवाल्यांनी ज्याच्यातून सुटका करून घेतली ते आमच्याकडे आता सुरू झालंय, फक्त दुमजली नाही एवढंच.

पण मला खरी बोच लागली ती त्या काचेच्या ठोकळ्यांची. माशांची पिल्लं घाबरू नयेत म्हणून फुटपाथ काचेचा! आमच्या वरळी कोळीवाड्यात क्लीव्हलँड बंदरातून बोटी बाहेर काढायच्या, तर तिथे कोस्टल रोड सी लिंकला जोडणाऱ्या पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठेवलं होतं. भरती-ओहोटी, वारा, लाटा, त्यात दोन होड्या समोरासमोर आल्या तर? नाखवा लोक सांगत होते, ऐकत कोण होतं. काम बंद पाडावं लागलं, वर्षभराहून जास्त बोलणी, आणि मग कुठे एक खांब काढून १२० मीटर मान्य झाले. पिढ्यान्‌पिढ्या त्या खडकांत कालवं-शिवल्या वेचणाऱ्या बायांचं काय, ते तर नकाशावर कधी आलंच नाही. अमेरिकेतल्या पिल्लाला जो मान आहे तो आमच्या माणसाला मिळाला असता तरी चाललं असतं.

सुरमईप्रेमी

@वरळीची_पोर: +१०० 🙏

भरतीओहोटी

@वरळीची_पोर, तुमची बोच रास्त आहे. पण सिॲटलच्या नगरपालिकेला माशांचा अचानक पुळका आला असं समजू नका. तो मान भांडून, तुरुंगात जाऊन मिळवलेला आहे, आणि मिळवणारेही मासेमारच होते.

१८५५ साली पॉइंट इलियटचा करार झाला. इथल्या मूळ जमातींनी जमीन सोडली, पण नेहमीच्या जागी मासे पकडायचा हक्क लेखी राखून ठेवला. सही करणाऱ्यांत तो सरदार सिआल्ह होता, ज्याच्यावरून शहराचं नाव पडलं. पुढे कित्येक दशकं राज्य सरकार त्याच लोकांना 'बेकायदा मासेमारी' म्हणून पकडत राहिलं, जाळी जप्त करत राहिलं. १९६०-७० च्या दशकांत त्यांनी मुद्दाम जाळी टाकून अटका करवून घेतल्या. शेवटी १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला: करार म्हणजे करार, पकडण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा जमातींचा. आणि १९९९ मध्ये प्युजेट साउंडचा चिनूक सॅमन संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली आला. त्यामुळे किनाऱ्याला हात लावायचा तर माशांचं काय करणार हे आधी सांगावंच लागतं. एलियट बेमध्ये आजही मकलशूट आणि सुक्वामिश जमातींची जाळी पडतात, चालताना बोटी दिसतील.

म्हणजे फुटपाथमधली ती काच हौसेची नाही, कायद्याच्या धाकाची आहे. आणि सगळं गोडही नाही: ज्यांच्या सरदाराचं नाव लावून हे शहर मिरवतं, ती ड्युवामिश जमात केंद्र सरकारच्या मान्यतेसाठी वर्षानुवर्षं झगडते आहे.

वरळीची_पोर

हे माहीत नव्हतं. १८५५ चा कागद! आमच्याकडे कोळीवाड्यांच्या सीमा आखायचं काम अजून रखडत रखडत चाललंय. असा कागद आमच्या पणजोबांनी करून घेतला असता तर...

खारवारा

@भरतीओहोटी, अप्रतिम भर. मी नुसतं इंजिनिअरिंगचं कौतुक करून मोकळा झालो होतो, त्यामागची शंभर वर्षं तुम्ही दाखवलीत. हाच प्रतिसाद वेगळा लेख करून टाका, विनंती.

सुरमईप्रेमी

बौद्धिक झालं असेल तर खाण्याचं बोलूया का? मार्केटला नुसतं 'मासे फेकतात ती जागा' म्हणून मोकळं होऊ नका, लोकहो. तो बाजार कांद्यावरून झालाय, कांद्यावरून! १९०६-०७ मध्ये दलालांनी भाव एवढे चढवले की कांदा दहापट महागला. शेतकऱ्याच्या हातात काही नाही, गिऱ्हाईक बोंबलतंय. मग नगरसेवक टॉमस रेव्हल यांनी पुढाकार घेतला आणि १७ ऑगस्ट १९०७ ला शेतकऱ्यांनी पाइक प्लेसवर थेट गाड्या लावल्या. आलेला माल बघता बघता संपला. लासलगावच्या माणसाला ही गोष्ट ऐकवली तर तो म्हणेल, आमच्याकडे कधी?

आणखी एक. दुसऱ्या महायुद्धाआधी या बाजारात अर्ध्याहून जास्त शेतकरी जपानी वंशाचे होते. १९४२ मध्ये त्यांना छावण्यांत नेऊन कोंडलं आणि गाळे ओस पडले. बरेचसे परत आलेच नाहीत. प्रवेशाजवळ वर त्यांच्या आठवणीतली चित्रं लावली आहेत, लोक खालून मोबाइल बघत जातात. त्यातून सावरतोय तोवर साठच्या दशकात बाजार पाडून टॉवर बांधायची टूम निघाली. व्हिक्टर स्टाइनब्रुक नावाच्या वास्तुविशारदाने लोकांना हाताशी धरून मतदान घडवलं, १९७१ मध्ये बाजार वाचला. बाजारालगतच्या बागेला त्यांचंच नाव आहे.

खायचं काय: मांसाहारींनी खाली पाण्याकाठी फिश अँड चिप्स घ्यावेत. बाहेर बसून खाल्लंत तर सीगल हातातून पळवतात, गंमत नाही. शाकाहारींनी वरच पोट भरून उतरावं. पिरोश्की म्हणजे सारण भरलेला रशियन पाव, ती बटाट्याचीही मिळते, गरम गरम डोनट आहेत, आणि चेरीचा मोसम असेल तर रेनिअर चेरी, पिवळट-लाल, सोडू नका. खाली किमती चढ्या आणि शाकाहारी म्हणजे फ्रेंच फ्राइज, असा मामला आहे.

सोमवारपेठी

काच म्हटल्यावर राहवेना. वॉटरफ्रंटच्या दक्षिण टोकाला पायोनिअर स्क्वेअर लागतो, तिथे जरूर वळा. जुना भाग, लाल विटांच्या कमानदार इमारती. तिथल्या फुटपाथमध्येही काचेचे तुकडे आहेत, पण जांभळे! ६ जून १८८९ ला सुताराच्या दुकानात सरसाचं भांडं उतू गेलं, आग लागली आणि सगळा व्यापारी भाग जळाला. गाव मुळात एवढं सखल की भरती आली की संडासातून पाणी उलटं यायचं. त्यामुळे परत बांधताना रस्तेच एक-दोन मजले उचलले. दुकानांचे तळमजले जमिनीखाली गेले, आणि खालच्या बोळांत उजेड यावा म्हणून वरच्या फुटपाथमध्ये काचा बसवल्या. त्या काचेत मँगनीज होतं, शंभर वर्षं ऊन खाऊन ती जांभळी पडली. खाली उतरून ते बोळ दाखवणारी सहल १९६५ पासून चालू आहे, मुलांना फार आवडते.

म्हणजे एकाच गावात फुटपाथमध्ये दोनदा काच. आधी तळघरातल्या माणसांसाठी, सव्वाशे वर्षांनी माशांसाठी.

तिथेच क्लोंडाइक सोन्याच्या धामधुमीचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, फुकट. स्मिथ टॉवर आहे, १९१४ चा, तेव्हा मिसिसिपीच्या पश्चिमेचा सगळ्यात उंच.

शंकेखोर

पायोनिअर स्क्वेअर आणि थर्ड ॲव्हेन्यूबद्दल बातम्यांमध्ये भलतंच ऐकतो. बायका-मुलांना घेऊन जाण्यासारखं आहे का? खरं सांगा, पर्यटन खात्यासारखं नको.

खारवारा

@शंकेखोर: खरं सांगायचं तर वॉटरफ्रंटवर दिवसभर गर्दी असते, काही वाटत नाही. पायोनिअर स्क्वेअर दिवसा ठीक, सामन्याच्या दिवशी तर जत्रा. थर्ड ॲव्हेन्यूवर काही चौकांत नशेत बसलेले, स्वतःशी बोलणारे लोक दिसतील. ते बहुधा तुमच्याकडे बघतही नाहीत, पण आई-बाबांना ते बघून वाईट वाटतं, माझ्या आईला दिवसभर जेवण गेलं नव्हतं. पार्क केलेल्या गाडीत मात्र काहीही ठेवू नका, रिकामी पिशवीसुद्धा नको. त्यापेक्षा गाडीच नेऊ नका. लाइट रेलच्या सिंफनी स्टेशनवर उतरलं की काही मिनिटांत तुम्ही समुद्रावर.

प्रश्नोपनिषद

यात फेरी कशी राहिली? कोलमन डॉक या फेरीच्या धक्क्यावरून बेनब्रिज बेटाची फेरी पकडा, ३५ मिनिटं. चालत चढणाऱ्याला तिकीट फक्त सिॲटलहून जाताना, येताना काही नाही, आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना दोन्हीकडून फुकट. जाताना मागच्या डेकवर उभे राहा, येताना पुढच्या. ओव्हरलुक वॉक, चक्रीपाळणा, बाजार, सगळं पाण्यावरून एका नजरेत येतं. @जुना_बॅलार्डकर काकांच्या व्हायाडक्टवरच्या देखाव्याची भरपाई यातच आहे, आणि ताशी पन्नास मैलांपेक्षा बरंच सावकाश.

जुना_बॅलार्डकर

फेरीला हरकत नाही. नोव्हेंबरातही चालते, आणि आत कॉफी मिळते.

खारवारा

बरं, मंडळी, एक कट्टा करूया का? रविवारी सकाळी, गर्दी व्हायच्या आत. मार्केटमध्ये डुकरापाशी भेटायचं, पोटात काहीतरी ढकलायचं, ओव्हरलुक वॉकने उतरायचं, पिअर ५८ वर मुलांना सोडायचं, आणि ज्यांना हवं त्यांनी पुढे सोमवारपेठींच्या जांभळ्या काचांपर्यंत चालायचं. @भरतीओहोटी, तुम्ही आलात तर काचेच्या ठोकळ्यांपाशी वर्ग भरवू. छत्र्या आणू नका, उपयोग नाही, वारा उलट्या करतो. टोपीचं जॅकेट घाला. येणाऱ्यांनी इथे आकडा टाका.

दगडफूल

तीन मोठे, एक बाबागाडी, एक नवा गुडघा. लिफ्टने येतोय. फोटो मीच काढीन, तुमचा भरवसा नाही.